बोगद्यांत राहिलेलें ‘नका’

मराठींत निषेध वाक्याच्या शेवटीं येतो, ही गोष्ट आम्हीं पस्तीस वर्षांच्या नोकरींत मुलांस शेंकडों वेळां सांगितली असेल. परंतु तिच्यामुळें मनुष्याच्या जिवाला घोर लागूं शकतो, हें आम्हांस २०१८ सालच्या भाद्रपदांत, ठाण्याहून डोंबिवलीस जाणाऱ्या जलद गाडींत, प्रथम कळलें. संस्कृतांत ‘मा’ हा निषेध बहुधा आधीं येऊन उभा राहतो. ‘मा दाः’ म्हटलें कीं पुढचा शब्द कानीं पडण्यापूर्वींच ऐकणारा सावध होतो. मराठींत ‘देऊं’ हें अगोदर येतें, आणि त्यामागून ‘नका’ येणार कीं ‘शकतां’ येणार, यासाठीं क्षणभर थांबावें लागतें.

आमच्या कुटुंबाच्या पोटावर शस्त्रक्रिया व्हावयाची होती. हृदयाच्या जुन्या दुखण्यामुळें रक्त पातळ ठेवणारी एक गोळी ती रोज रात्रीं घेत असे. तपासणीसाठीं ती दोन दिवस बंद ठेविली होती, आणि पुढें काय करावयाचें तें रक्ताचा अहवाल पाहून रुग्णालयांतून कळावयाचें होतें. सायंकाळीं कागदपत्रें देऊन आम्ही ठाण्यास गाडींत चढलों. खाडी ओलांडली, कळवें मागें पडलें, आणि फोन वाजला. परिचारिका बोलत होत्या. त्यांचा आवाज हळूहळू बदलत गेला. पाण्यांत बुडालेल्या घागरींतून कोणी बोलावें तसा झाला. “काका, डॉक्टरांनीं अहवाल पाहिला. काकूंना ती गोळी आज रात्रीं देऊं—” आणि गाडी पारसिकच्या बोगद्यांत शिरली.

हा बोगदा १९१६ सालीं वाहतुकीस खुला झाला. लांबी सुमारें १.३ किलोमीटर. गाडीस तो ओलांडावयास जेमतेम मिनिट लागतें. तें मिनिट त्या दिवशीं आम्हांस फार मोठें वाटलें. बाहेर आलों तों संभाषण तुटलेलें. पुन्हां लाविलेला फोन कोणी उचलीना. गोळी द्यावी तर शस्त्रक्रियेंत रक्त न थांबण्याचें भय, न द्यावी तर रक्तांत गुठळी होण्याचें भय, आणि घरीं कुटुंब आमच्या शब्दाची वाट पाहत बसलेलें. डोंबिवलीच्या पुलावर गर्दींतून चालत असतां खिशांत फोन एकदांच थरथरला. रोमन अक्षरांत लिहिलेला पांच शब्दांचा निरोप होता: गोळी देऊं नका, शुक्रवारीं या. त्या बाईंनीं संभाषण तुटलेलें पाहून आपणहून तो धाडिला होता. शस्त्रक्रिया पुढें यथासांग पार पडली. हें आधींच सांगून टाकतों, म्हणजे वाचकांचें लक्ष त्याकडे राहणार नाहीं.

आमचें लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे राहिलें. ‘देऊं’ हा शब्द आम्हांस विकृत आवाजांत परंतु अगदीं स्वच्छ ऐकूं आला होता. यंत्र बिघडत चाललें असतें तर शब्द अर्धवट यावयास हवे होते. आवाज बिघडला आणि शब्द शाबूत राहिले, हें कसें?

मोबाइलच्या उद्योगांत अभियंता असलेले आमचे एक जुने विद्यार्थी त्या रविवारीं विचारपूस करावयास आले. त्यांस आम्हीं हा प्रश्न घातला. ते हंसून म्हणाले, “गुरुजी, आवाज बिघडला नव्हता. शब्द वांचावेत म्हणून तो मुद्दाम कमी केलेला होता. पावसाळ्यांत तुम्ही आम्हांला शुद्धलेखन घालीत होतां तें आठवा.”

आमच्या शाळेच्या एका वर्गावर पत्र्याचें छप्पर होतें. आषाढाची सर आली कीं स्वतःचा आवाज स्वतःस ऐकूं येत नसे. अशा वेळीं ओरडून फारसें साधत नाहीं. घसा तेवढा बसतो. आम्ही वाक्य तोडून दोन-दोन शब्द सांगत असूं, प्रत्येक तुकडा दोनदां-तीनदां म्हणत असूं, आणि शेवटच्या बांकावरील मुलांच्या तोंडाकडे पाहत असूं. मुलांच्या माना खालीं गेल्या, टाक चालूं लागले, कीं पुढें. सर ओसरली कीं पुन्हां लांब वाक्यें. मजकूर तोच, मुलें तींच. छपरावरचा पाऊस बदलतो म्हणून सांगण्याची रीत बदलावयाची. मोबाइलचा मनोरा आणि खिशांतला फोन हे दोघे अखंड हेंच करीत असतात. मनोरा सांगतो, फोन ‘ऐकूं आलें’ किंवा ‘नाहीं आलें’ असें कळवितो, आणि त्यावरून पुढच्या क्षणाची रीत ठरते.

ही रीत दोन प्रकारांनीं बदलतां येते. पहिला प्रकार अक्षरांचा. लहरीस ओळखतां येण्याजोगे निरनिराळे आकार देतां येतात. चारच आकार ठेवले तर ते एकमेकांपासून इतके दूर असतात कीं गोंगाटांतहि चुकत नाहींत, पण एका आकारांत दोनच बिट मावतात. बिट म्हणजे ‘होय’ किंवा ‘नाहीं’ एवढाच निर्णय. सोळा आकार केले तर चार बिट, चौसष्ट केले तर सहा, दोनशें छप्पन्न केले तर आठ. पांढरा, काळा, तांबडा आणि हिरवा हे चार रंग धुक्यांतहि ओळखूं येतील. परंतु पैठणीच्या दुकानांतल्या चौसष्ट छटा निवडावयाच्या तर भर दुपारचा उजेडच पाहिजे.

दुसरा प्रकार पुनरुक्तीचा, आणि येथें आम्हांस आमच्या परिचयाचें मैदान सांपडलें. वेदपाठाच्या विकृति वाचकांपैकीं पुष्कळांनीं ऐकिल्या असतील. क्रमपाठांत पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा अशीं पदें जोडीनें येतात, म्हणजे प्रत्येक पद दोनदां. जटेंत प्रत्येक जोडी सुलट, उलट, पुन्हां सुलट म्हणतात. एक पाऊल पुढें जावयास सहा पदें उच्चारावीं लागतात. घनांत त्याच पावलास तेरा. इतका खर्च कशासाठीं? एखाद्या शिष्यानें एक पद गाळलें किंवा फिरविलें, तर उलट-सुलट माळेंत तें तत्काळ उघडें पडावें म्हणून. बिनतारी विद्येंतहि मजकुराच्या बिटांस अशीच राखणदार बिटांची जोड देतात. वाट वाईट असली कीं राखणदार वाढवावयाचे, वाट चांगली झाली कीं कमी करावयाचे. आमच्या पूर्वजांनीं मोबाइल शोधून काढिला होता असें म्हणणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हों. घनपाठी आपला पाठ श्रोत्यांचे चेहरे पाहून बदलीत नाहीं. आणि बदलणें हाच तर या नव्या विद्येचा प्राण आहे. परंतु पुनरुक्ति हा दोष नसून कधीं कधीं तें कवच असतें, हें आपल्याकडील वैदिकांस सांगावयास नको.

आतां त्या सायंकाळच्या आवाजाकडे वळूं. आमच्याजवळ तेव्हां बटणांचा साधा फोन होता. अशा फोनांत बोलण्यासाठीं सेकंदास २२.८ हजार बिटांची वाट मिळते, आणि ती रुंद होत नाहीं. ह्या शतकाच्या आरंभीं प्रचारांत आलेल्या रीतीनें त्या वाटेची वांटणी आठ प्रकारें करतां येते. हवा चांगली असतां १२.२ हजार बिट बोलण्याचे, बाकीचे राखणदार. हवा बिघडत गेली कीं बोलण्याचा वांटा पायरीपायरीनें उतरत सर्वांत शेवटीं ४.७५ हजारांवर येतो आणि उरलेली जवळजवळ सर्व वाट राखणदारांस मिळते. बोलण्याचा वांटा कमी झाला कीं आवाजाचें मार्दव जातें, माणूस ओळखूं येईनासा होतो. शब्द मात्र टिकतात. कळवें सोडल्यावर डोंगर जसजसा आड येत गेला तसतशा त्या बाई आमच्या कानीं पायऱ्या उतरत होत्या! आम्ही ज्यास बिघाड समजत होतों ती काटकसर होती, आणि तिच्याच योगें ‘देऊं’ पर्यंतचा निरोप आम्हांस मिळाला.

मग ‘नका’ कां नाहीं मिळालें? “गुरुजी,” विद्यार्थी म्हणाले, “मुलगाच उठून वर्गाबाहेर गेला, तर शुद्धलेखन किती हळू घालणार?” डोंगराच्या पोटांत लहर पोंचलीच नाहीं. दोन्ही बाजू कांहीं सेकंद एकमेकांची वाट पाहतात आणि मग हात सोडतात. १९४८ सालीं अमेरिकेंतील क्लॉड शॅनन यांनीं गणितानें दाखवून दिलें आहे कीं, गोंगाट असलेल्या प्रत्येक वाटेस वेगाची एक मर्यादा असते. तिच्या आंत राहिल्यास चुका हव्या तितक्या कमी करतां येतात, ती ओलांडल्यास कोणतीहि युक्ति चालत नाहीं. बोगद्यांत ती मर्यादा शून्यावर येते. बाहेर ती क्षणोक्षणीं वरखालीं होत असते, आणि तिच्या शक्य तितकें जवळ राहावयाचें पण ओलांडावयाची नाहीं, अशी ही कसरत आहे.

लेखी निरोपाचें बळ निराळें. तो प्रथम एका केंद्रांत जमा होतो, आणि फोन सांपडत नसेल तर तेथेंच थांबून पुन्हां पुन्हां धाडला जातो. त्याचा आकारहि अगदीं लहान. देवनागरींत एका निरोपांत सत्तर चिन्हें मावतात. बोलण्यास अखंड वाट लागते, निरोपास एखादी फट पुरते. गाडींत असतां महत्त्वाची गोष्ट तोंडीं सांगून भागत नाहीं, ती लिहूनहि धाडावी, हें त्या परिचारिकेस कोणी शिकविलें होतें कीं तिचें तिला सुचलें, कोण जाणे.

पुढें चौथ्या पिढीचे फोन घरोघर आले, आमच्याकडेहि मुलानें एक आणून दिला. त्यांत ही देवघेव फारच बारीक झालेली आहे. फोन आपल्या परिस्थितीस १ ते १५ यांपैकीं गुण देतो आणि मनोऱ्यास कळवितो; मनोरा दर सहस्रांश सेकंदास नवा निर्णय घेऊं शकतो. एक गुण असेल तर १०२४ बिटांत मजकुराचे केवळ ७८, बाकीचे सर्व राखणदार, आणि आकार चारच. पंधरा गुण असतील तर १०२४ मध्यें मजकुराचे ९४८, आणि आकार चौसष्ट. ह्या दोन टोकांमध्यें वेगाचें अंतर सुमारें छत्तीस पट होतें. एकाच घरांत बैठकीच्या खिडकींत चित्रपट दिसतो आणि स्वयंपाकघरांत पत्रहि उघडत नाहीं, त्याचें एक मोठें कारण हें.

परंतु आम्हांस सर्वांत नवल वाटलें तें पुढच्या गोष्टीचें. फोन गुण देतो ते चूक मुळींच होऊं नये अशा बेतानें देत नाहीं. दहांत एक तुकडा पहिल्या फेरींत फुकट गेला तरी चालेल, ह्या हिशेबानें देतो! हें ऐकून आमच्यांतला मास्तर प्रथम चिडला. दहांत एक चूक म्हणजे काय? पण विचार करतां पटलें. ज्या वर्गांत ‘गुरुजी, पुन्हां सांगा’ असें कोणीच म्हणत नाहीं, त्या वर्गांत मास्तर फार सावकाश चालला आहे. चूक नाहीं, पण वर्षअखेर अभ्यासक्रम पुरा व्हावयाचा नाहीं. सगळीच मुलें ‘पुन्हां सांगा’ म्हणूं लागलीं तर तो फार घाईनें चालला आहे. अधूनमधून एखादा हात वर व्हावा, हाच योग्य वेग. शिवाय फसलेला तुकडा फोन टाकून देत नाहीं. अर्धेंमुर्धें जें लिहून झालें तें जपून ठेवतो, पुन्हां आलेल्या प्रतीशीं ताडून पाहतो, आणि दोन अपुऱ्या प्रतींतून एक पुरी करतो. जुन्या पोथ्यांचे पाठभेद जुळविणाऱ्या पंडितांस हें काम ओळखीचें वाटेल.

तरीहि धांवत्या गाडींत हें सारें लंगडें पडतें, आणि त्याचें कारण मोठें मौजेचें आहे. मनोऱ्याची लहर इमारतींवर, डोंगरावर, शेजारच्या गाडीच्या पत्र्यावर आपटून अनेक वाटांनीं येते. कोठें त्या वाटा एकमेकींस बळ देतात, कोठें एकमेकींस पुसून टाकतात. १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारें पावणेसतरा सेंटिमीटर असते, आणि असे उंचवटे-खड्डे तिच्या साधारण निम्म्या अंतरावर, म्हणजे आठ-साडेआठ सेंटिमीटरांवर येत राहतात. ताशीं ९० किलोमीटर धांवणारी गाडी सेकंदास २५ मीटर जाते. एवढें अंतर ती सेकंदाच्या तीनशेंव्या भागांत ओलांडते. फोननें ‘ऐकूं येतें आहे’ असें कळवावें, तें मनोऱ्यानें वाचून तजवीज करावी, तोंवर तो फोन पुढच्या खड्ड्यांत गेलेला! बातमी खरी, पण शिळी. मग मनोरा अशा प्रवाशाच्या प्रत्येक शब्दावर विसंबत नाहीं. त्याच्या बोलण्याची सरासरी धरतो आणि एखादी पायरी खालींच राहतो. सकाळच्या गर्दीच्या गाडींत तर माणसांच्या अंगांतील खारें पाणीहि लहरी शोषून घेतें, ही भर वेगळीच. दिवा ते ठाणें दारांत लोंबकळत फोन कानास लावणाऱ्या तरुणांस आम्ही प्रकृतीच्या काळजीनें बोलत असूं; आतां विद्येच्या आधारानेंहि बोलतों.

वेगाप्रमाणेंच जोरहि बदलतो. वर्गांत पहिल्या बांकावरचा मुलगा ओरडूं लागला तर शेवटच्या बांकावरच्याचें कोणास ऐकूं जाणार? म्हणून मनोऱ्याजवळच्या फोनास कुजबुजावयास लावतात आणि दूरच्यास मोठ्यानें बोलूं देतात. जुन्या पद्धतींत ही सूचना सेकंदास सुमारें दोनदां मिळे. तिसऱ्या पिढींत ती सेकंदास १५०० वेळां मिळूं लागली. डोंबिवलीच्या जुन्या वस्तींत इमारतींस इमारती खेटून उभ्या आहेत. तेथें आंतल्या खोलींत फोन ठेविला कीं तो सारा दिवस मोठ्यानें बोलत राहतो आणि संध्याकाळच्या आंत विजेचा सांठा संपवितो. तोच खिडकीशीं ठेवा, दोन दिवस चालेल असें नाहीं, पण फरक दिसेल.

पावसानें मोबाइल जातो, अशी आपल्याकडे दृढ समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. फोनपर्यंत येणाऱ्या लहरींस पावसाच्या थेंबांचा विशेष उपद्रव होत नाहीं. परंतु जेथें जमिनींतून कांचतंतु पोंचलेला नाहीं, तेथें एक मनोरा दुसऱ्याशीं ढोलासारख्या गोल तबकडींतून बोलतो, आणि त्या लहरींचीं कंपनें सेकंदास दहा अब्जांहून अधिक असल्यानें कोंकणची मुसळधार त्यांस खरोखरीच अडविते. मग त्या तबकड्याहि चौसष्ट छटांवरून सोळांवर, सोळांवरून चारांवर उतरतात. तुमचा फोन पूर्ण दांडे दाखवीत असतो आणि काम मात्र होत नाहीं. अडचण तुमच्या डोक्यावर नसून कोठें तरी दोन मनोऱ्यांच्या मधें असते.

दांड्यांची आणखी एक फसवणूक नरकचतुर्दशीच्या पहांटे फडके रस्त्यावर पाहावी. गणेशमंदिराकडे जाणारा तो रस्ता तरुण मंडळींनीं इतका भरून जातो कीं पाय ठेवावयास जागा नसते, आणि प्रत्येकास त्याच घटकेस आपलें छायाचित्र मित्रांस पाठवावयाचें असतें. फोनांत दांडे पुरे, गुण पंधरापैकीं कदाचित् बारा-तेरा. आणि छायाचित्र जागचें हलत नाहीं. दांडे हे मास्तरांचा आवाज किती मोठा येतो एवढेंच सांगतात. मास्तर तुमच्याकडे केव्हां वळणार, तें सांगत नाहींत. गर्दींत पंगत मोठी असते आणि वाढपी एकच. वाट बदलली तर रीत बदलतां येते; वाटेकरी वाढले तर दुसरी वाटच काढावी लागते. अशी एक वाट आपल्या देशांतील आरोग्यस्वामी पॉलराज यांनीं दाखविली. त्यांचें अभियांत्रिकीचें शिक्षण आपल्या लोणावळ्याच्या नौदल विद्यालयांत झालें, आणि पुढें अमेरिकेंत त्यांनीं १९९० नंतरच्या वर्षांत अनेक अँटेनांच्या योगें एकाच वेळीं, एकाच पट्ट्यांत अनेक प्रवाह पाठविण्याची कल्पना मांडली. आजच्या फोनांत ती सर्वत्र आहे, आणि प्रवाह एक ठेवावा, दोन कीं चार, हेंहि परिस्थिति पाहूनच ठरतें.

२०२२ सालच्या फेब्रुवारींत ठाणें-दिवा मार्गावर पांचवा आणि सहावा रूळ पुरा झाला. तेव्हांपासून जलद लोकल गाड्या मुंब्र्यावरून जातात आणि पारसिकचा बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला आहे. डोंगराच्या कडेनें जातांना आवाज अजूनहि घागरींत उतरतो, पण तुटतोच असें नाहीं.

आमच्या घरीं मात्र एक रीत पडून गेली आहे. गाडींत असलेल्या माणसाशीं बोलतांना ‘नको’ प्रथम म्हणावयाचें. परवांच आम्ही कल्याणाहून येत होतों, कुटुंबानें विचारलेलें आम्हांस ऐकूंहि आलें नव्हतें, तोंच पुढचें ऐकूं आलें: “नको. दूध नको. सकाळींच आणलें आहे.” आणि मागोमाग तेंच लिहूनहि आलें. नातवंडें ह्या प्रकारास फार हंसतात.